रातकिड्यांचा श्रावण

गेल्या पावसाळ्यात आमच्या मागच्या खोलीत रोज सकाळी आठ वाजता रात्र होत असे. खिडकीला छत्रीचं काळं कापड दुहेरी करून ठोकलं होतं, दाराखालच्या फटीत जुनी चादर दाबली होती, आणि भिंतीवरचा टायमर आठ वाजता ट्यूब बंद करून एक बारीक लाल दिवा लावायचा. रात्री आठला उलटं. पनवेलात अंधार पडला की त्या खोलीत लख्ख उजाडायचं. बारा तास आणि बारा तास. टायमर मी बसवला होता, आणि पहिले काही दिवस ऑफिसला निघण्याआधी दार किलकिलं करून तो वेळ पाळतो की नाही हेही मीच बघत होतो.

आत गेलं की आधी काहीच दिसायचं नाही. मग लाल उजेडात प्लास्टिकचे टब वर यायचे, टबांत उभे केलेले अंड्यांचे पुठ्ठे, आणि पुठ्ठ्यांच्या खळग्यांतून हलणाऱ्या मिशा. बाहेर भाजीवाला ओरडत असायचा, खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी व्हायची, कुणाची तरी स्कूटर सुरू होत नसायची; आणि आत मध्यरात्र. तिथे थोडा वेळ बसून बाहेर आलं की दिवस खोटा वाटायचा, कुणीतरी नुकताच रंगवून वाळत घातल्यासारखा.

हे सगळं मुलीसाठी होतं. ती प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. तिच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय नर रातकिडा हा होता. कॉलेजच्या प्राणीघराचं छत ठिबकू लागलं तेव्हा तिच्या मार्गदर्शक मॅडमनी टब घरी न्यायला परवानगी दिली. रातकिडे रात्री गातात आणि माणसाला रात्री झोप येते. म्हणून त्यांची रात्र उचलून दिवसावर ठेवायची, अशी या कामातली पद्धत आहे.

मी कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा केलं की माल कळतो. माझं बरंचसं आयुष्य या एका वजाबाकीत गेलं आहे. बायको शाळेत शिकवते. घरातलं चौथं माणूस म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. आमचं मूळ गाव बेलपाडा. आत्याचं सासर उरणच्या बाजूला, मिठागरावर. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, आणि गावची बोली तिने चौथ्या मजल्यावरही सोडलेली नाही.

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मुलीने आम्हाला लॅपटॉपवर नराचं उघडलेलं पोट दाखवलं. मुलगी बापाला वृषण, शुक्रवाहिनी असे शब्द सांगते आहे, असा प्रसंग आपल्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी चष्मा पुसत राहिलो. बायको कोशिंबिरीत मीठ घालायला म्हणून उठली ती बराच वेळ आली नाही. आत्या मात्र खुर्ची पुढे ओढून बसली.

"ही दोन पिवळट दिसतात ना, ती वृषणं," मुलगी म्हणाली. "शुक्राणू इथे तयार होतात. इथून ही नळी खाली येते. आणि हा पांढरा गुंता आहे ना, या ग्रंथी."

"शेवया," आत्या म्हणाली.

खरोखर शेवयाच होत्या. शेकडो बारीक, पांढऱ्या, एकात एक गुंतलेल्या नळ्या. पोटाचा मागचा भाग त्यांनीच भरला होता. मुलीचं म्हणणं असं, की नराच्या अंगातला खरा कारखाना हा. रातकिड्याचा नर शुक्राणू नुसते देत नाही, आधी त्यांच्यासाठी कुपी बनवतो. शेपटाकडे साच्यासारखा एक कप्पा असतो. या शेवयांमधला चिकट रस थरावर थर असा साच्यात उतरतो, मधल्या पोकळीत शुक्राणू भरले जातात, आणि मग सगळं घट्ट होतं. राजगिऱ्याहून थोडा मोठा एक पांढरा मणी तयार होतो, आणि त्याला केसाएवढी पोकळ नळी. या वस्तूचं नाव स्पर्मॅटोफोअर.

"काय फोर?" आत्याने विचारलं.

मुलीने पुन्हा सांगितलं. आत्याने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला आणि सोडून दिला. "म्हंजे घरनं बांदून आनतो तो. शिदोरी."

"शिदोरीच, आजी. आणि शेवटी मादी ती खातेसुद्धा."

"मंग? शिदोरी खायालाच आसतं."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वस्तूला शिदोरी हेच नाव पडलं. इतर शब्दांचं मात्र तसं झालं नाही. मुलगी 'मेटिंग' म्हणायची, मी 'ते' म्हणायचो, बायको काहीच म्हणायची नाही. आत्या गाई-म्हशींत वाढलेली, ती सरळ विचारायची, "फळली का?"

मुलीला मोजायची होती ती नराची शांतता. नर पंखांनी गातो. उजवा पंख वर, डावा खाली, एकावर बारीक दात आणि दुसऱ्यावर धार. मादी मुकी. दूरच्या मादीसाठी तो मोठ्याने गातो, आपल्याला रात्री ऐकू येतं ते. त्याला आम्ही हाक म्हणू लागलो. मादी जवळ येऊन मिशीला मिशी लागली की तो वेगळं, हळू गातो, ती कुजबुज. पण शिदोरी तयार असेल तरच हे सगळं. एकदा ती देऊन टाकली की तो गप्प होतो. थोड्याच मिनिटांत दुसरी करायला घेतो, ती तयारही होते, तरी साधारण तासभर तो मादीकडे बघत नाही. हा तास मोजणारं घड्याळ त्याच्या डोक्यात नसतं. शेपटाच्या टोकाशी मज्जातंतूंची एक गाठ असते, ते तिच्यात असतं. प्रत्येक नराची ही शांतता किती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शिदोरीनंतर ती लांबते का, एवढाच तिचा प्रश्न होता.

मला हा प्रश्न आवडला. रिकामा झालेला ट्रक पुन्हा भरून काट्यावर यायला किती वेळ घेतो, हे मला समजण्यासारखं होतं.

"बाबा, घड्याळ तुमचं," ती म्हणाली. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी माझी जागा त्या खोलीत, स्टुलावर ठरली.

टबांत तेव्हा बहुतेक पिल्लंच होती, पंख न फुटलेली. त्यांचं खाणं म्हणजे गव्हाचा कोंडा, लाल भोपळ्याची फोड आणि दळलेला जवळा, म्हणजे सुकी बारीक कोळंबी. जवळा उरणजवळच्या करंजाहून यायचा. तिथली आत्याच्या ओळखीची एक बाई पावसाआधी वाळवलेला आणून देते. सकाळी आम्ही तिघं घराबाहेर पडायचो, म्हणून वाट्या भरायचं काम आत्याकडे होतं. ती मिक्सरवर जवळा दळायची, वाट्या आत सरकवायची, "खावा रे पोरांनू," म्हणायची आणि लगेच बाहेर यायची. अंधारात तिला थांबवत नसे.

पिल्लांचे पंख फुटायच्या सुमाराला श्रावण लागला.

एकेक करून नर मोठे झाले. काळेभोर, पंखांच्या मुळाशी दोन पिवळसर ठिपके. पण ते गात नव्हते. एखादा मध्येच दोनदा किरकिर करायचा, खरखरीत, आणि थांबायचा. मादी शेजारून गेली तरी मिशी हलवण्यापलीकडे काही नाही. मुलीने भिंगाखाली मऊ कुंचल्याने एकाचं शेपटाखालचं झाकण खाली केलं. कप्पा रिकामा. दुसऱ्याच्या कप्प्यात काहीतरी होतं, पण मऊ, आकार न धरलेलं. साच्यात अर्धाच रस पडावा तसं.

तिने मॅडमना सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त मुदत घातली. गोकुळाष्टमीच्या आत एका तरी नराचं पूर्ण चक्र दिसलं पाहिजे, शिदोरी दिल्यापासून पुन्हा कुजबुज सुरू होईपर्यंत. नाहीतर हा विषय बंद करायचा आणि दुसऱ्यांचे जुने निबंध वाचून त्यांचा गोषवारा लिहायचा.

"त्यात वाईट काय?" बायकोने विचारलं. "पदवी मिळेल ना?"

"मिळेल की," मुलगी म्हणाली. "पण त्यात मी स्वतः पाहिलेलं काही नसेल."

ती फार बोलणारी मुलगी नाही. ताटातली भाकरी तिने तशीच ठेवली, त्यावरून मला कळलं.

आम्ही शोध सुरू केला. मी खोलीत तापमापक टांगला. तापमान ठीक होतं. देवघरातली उदबत्ती बंद केली. शेजाऱ्यांना विनंती करून त्यांचं डासांचं मशीन दुसऱ्या खोलीत हलवून घेतलं. पाणी पिण्यासाठी टबांत ठेवलेला कापूस रोज बदलला. तेवढ्यात मुलीला दिसलं की कित्येक नरांच्या पंखांच्या कडा झिजल्यात, कागद कुरतडल्यासारख्या. तिला वाटलं बुरशी. रात्री उशिरापर्यंत ती बुरशीचे फोटो बघत बसायची.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी आमचा बाजार बंद होता. दुपारी मी आणि मुलगी खोलीत होतो. बराच वेळ काही घडलं नाही. टबाच्या काठाशी बसलेल्या एका नराच्या मागे एक मादी आली आणि त्याच्या पाठीवर तोंड टेकवून थांबली. मला वाटलं, आता काही होईल. मुलीने माझं मनगट धरलं. मादी त्याचा पंख खात होती. सावकाश, कडेकडेने, आपण पापडाची कड मोडत जातो तशी. तो तसाच बसून होता.

"बाबा, हे भुकेले आहेत."

"वाटी भरलेली आहे," मी म्हणालो. लाल उजेडात ती नेहमी भरलेलीच दिसायची.

तिने वाटी उचलली आणि दार उघडून उजेडात नेली. मीही मागे गेलो. वाटीत साबुदाणा होता. भिजवलेला, फुगलेला, काचेसारखा. त्याला जिऱ्याचे दोन दाणे चिकटले होते.

आत्या गॅलरीत टाकळ्याची भाजी निवडत बसली होती.

"आजी, हे काय?"

"साबू. सोमवार हाय ना आज."

"आणि काल काय घातलंस?"

"वरीचं तांदूल. भोपला."

"जवळा?"

आत्याने मान वर केली. तापात बडबडणाऱ्या माणसाशी बोलावं इतक्या मायेने ती म्हणाली, "श्रावन हाय गो, पोरी."

मग हळूहळू सगळं कळलं. श्रावण लागला त्या सकाळी तिने मिक्सरचं भांडं राखेने घासलं, जवळ्याचा डबा खालच्या मजल्यावरच्या चाचींकडे ठेवायला दिला आणि त्या दिवसापासून टबांना घराबरोबर श्रावण लावला. आम्हाला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? श्रावणात घरात मासळी नसते हे कुणी कुणाला सांगत नाही. दर सोमवारी उपास, शनिवारी एकभुक्त. एकादशीला त्यांना रताळं मिळालं होतं.

"पण त्यांना कुठला श्रावण, आजी?"

"ज्या घरचं खातात त्या घरचा."

"अगं, त्यांच्या त्या शेवया याच दिवसांत भरतात. पंख फुटल्यावर. त्यांना मासळीसारखं काही मिळालं नाही तर साच्यात ओतायला रसच नाही. शिदोरी कशाची बांधणार?"

आत्या टाकळ्याचे देठ मोडत राहिली. "या दिसांत मासलीच्या पोटात गाभोली आसतं," ती म्हणाली. "तिची पोरं व्हायाची आसतात. म्हनून तिला सोराची. माजी सासू पालत व्हती. मिठागरावर दुसरं खायाला काय नाय तरी पालत व्हती."

बायको शाळेतून आली आणि तिने तोडगा काढला. सोयाबीनचं पीठ घाला, दुधाची पावडर घाला. मुलगी म्हणाली, पिल्लं जवळ्यावर वाढलीत, मध्येच खाणं बदललं तर पुढचं काहीच मोजण्यात धरता येणार नाही. मी मनात दिवस मोजले. नव्या नरांना पंख फुटल्यावर पिकायला आठवडाभर लागतो. आज खाणं बदललं तर अष्टमीपर्यंत जेमतेम. श्रावण संपेपर्यंत थांबायचं तर अष्टमी कधीच गेलेली. हे मी कुणाला ऐकवलं नाही. घरातली चूल आत्याच्या शब्दावर चालते, आणि पाळणारी ती एकटीच नाही. आम्ही सगळेच श्रावण पाळतो.

"राहू दे, आजी," मुलगी म्हणाली आणि खोलीत गेली. दार तिने नेहमीसारखंच हलक्या हाताने लावलं. आपटलं असतं तर आत्या भांडली असती. तिने टाकळ्याचं सूप बाजूला ठेवलं, थोडा वेळ गॅलरीच्या कठड्यापलीकडे बघत बसली, आणि मग उठून त्याच दारातून आत गेली.

चहाच्या वेळी मी त्यांना बोलवायला गेलो. लाल उजेडात मुलगी टबापाशी जमिनीवर बसली होती. आत्या माझ्या स्टुलावर, पदर डोक्यावरून घेऊन, भिंतीला टेकलेली. तिचा डोळा लागला होता. अंधारात कुठेतरी एकच रातकिडा खरखरत होता, मध्येच थांबत होता, जसं झोपेत कुणी काही सांगायला लागतं आणि विसरतं.

"किती वाजलं?" आत्याने दचकून विचारलं.

"चार."

"चार? आन् मला कुनी उठवलं नाय? पानी जाल ना."

"दुपारचे चार, आत्या. नळ सकाळी येतो."

ती भिंत धरून बाहेर आली. गॅलरीत पावसाने उघडीप दिली होती आणि दोरीवरच्या कपड्यांवर पिवळं ऊन पडलं होतं. ती त्या उन्हाकडे बघत उभी राहिली, दुसऱ्याच्या गावात उतरल्यासारखी. चहाचा पहिला कप तिने उभ्यानेच संपवला. दुसरा बशीत ओतताना म्हणाली, "तिथी कशावर आसतं?"

"पंचांगावर," बायको म्हणाली.

"सूर्यावर. सूर्य उगवला की तिथी लागतं. तितं सूर्य उगवतच नाय. मंग तितं श्रावन लागंल कुटून?"

बायकोला चहाचा ठसका लागला. "मग त्या खोलीत आता कोणता महिना आहे, आत्याबाई?"

आत्याने विचार केला. "तितं आजून आषाढ हाय," ती म्हणाली.

टायमर रात्री आठला ट्यूब लावतो आणि तो त्या खोलीतला सूर्योदयच असतो, हे मला स्पष्ट दिसत होतं. हिशेबातली इतकी मोठी चूक मी कुणाची सोडत नाही. मी बशीत बघून चहा प्यायलो.

अटी तिने लगेच सांगितल्या. जवळा स्वयंपाकघरात यायचा नाही. मिक्सर मिळणार नाही. जे काय कुटायचं ते त्या खोलीत, आणि बाहेर येताना हात-पाय धुऊन यायचं. वाट्या ती भरणार नाही, माझ्या हातून भरायच्या. मुलीने सगळ्याला मान हलवली आणि मग आत्याच्या हातातली रिकामी बशी घेऊन विसळायला गेली.

मी डबा आणायला खाली गेलो. चाचींनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि डबा आधीच तयार असल्यासारखा आतून आणून दिला.

"काय भाईसाब, किड्यांचा रोजा सुटला वाटतं?"

"सुटला," मी म्हणालो.

"मग ईदी द्या आम्हाला. पंधरा दिवस सांभाळला, एक चिमूट नाही घेतली. पूछो इनसे." आतून त्यांच्या यजमानांचं हसू ऐकू आलं.

पुढचे आठ-दहा दिवस सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी त्या खोलीत मांडी घालून खलबत्त्यात जवळा कुटत असे. आत मध्यरात्र, आणि मी इस्त्रीच्या शर्टात. लाल उजेडात जवळा दिसायचा नाही, फक्त त्याचा वास वर यायचा, खारा, उन्हाचा, किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांचा. बत्त्याचा ठोका पडला की टबातली खसफस थांबायची, दोन ठोक्यांच्या मध्ये पुन्हा सुरू व्हायची. मी ठोके सावकाश घालू लागलो. कधी कधी मला वाटायचं, मी झोपेतच आहे आणि कळंबोलीला जायचं अजून ठरलेलं नाही. बाहेर येऊन पाय धुतले की श्रावण सुरू व्हायचा.

त्याच दिवसांत मागे राहिलेल्या पिल्लांनी शेवटची कात टाकली. मी ते एकदा पूर्ण पाहिलं. पाठ उकलली आणि आतून एक ओला, पांढराशुभ्र रातकिडा हळूहळू निघाला, डोळे तेवढे काळे. पंख चुरगळलेल्या रेशमासारखे. ते उलगडत, पसरत गेले. लाल दिव्यात तो गुलाबी दिसत होता. मग त्याने वळून आपली कात खाल्ली. बाजारातून घरी आलो तोवर तो काळा झालेला होता, आणि त्याच्या पंखांच्या कडा अखंड होत्या. कुरतडलेल्या जुन्या नरांचं काय झालं हे विचारलं तर, तेही खात होते, पण पंख परत येत नाहीत. ते गाण्यासाठी पंख उचलायचे, घासायचे, आणि आवाज निघायचा नाही.

अष्टमीला तीन दिवस राहिले असताना नव्यांपैकी एकाने हाक दिली. अर्धवट नाही, सलग, भरलेली. मी दाराबाहेर बूट घालत होतो. बायको डबा भरता भरता थांबली. आत्या देवासमोर बसली होती. तिने जप थांबवला नाही, पण माळ धरलेल्या हाताने माझ्याकडे खूण केली, ऐकलंस ना, अशी.

मुलगी म्हणाली, घाई नको. आणखी दोन दिवस पिकू दे. अष्टमीच्या आदल्या दिवशी मी अर्धी रजा टाकून दुपारी घरी आलो. आम्ही तिघं खोलीत बसलो. मुलगी, मी घड्याळ घेऊन, आणि आत्या, न बोलण्याच्या अटीवर. नाक्यावर गोविंदा पथकाचा सराव चालू होता, पण चौथ्या मजल्यावर काळ्या कापडातून त्याची नुसती धडधड पोचत होती.

त्या नराला वेगळ्या लहान डब्यात ठेवलं होतं. मुलीने मादी आत सोडली. तो हाक देत होता. मादी कडेने चालत आली, तिची मिशी त्याच्या मिशीला लागली, आणि हाक बंद पडली.

"गप्प झाला," मी हळूच म्हणालो.

"गप्प? बाबा, आता तर सुरू झालं."

मी कान दिला. काही नव्हतं.

"टिक् टिक् टिक्. अगदी बारीक. नाही ऐकू येत?"

"मला बी नाय," आत्या म्हणाली.

मुलीने आमच्याकडे बघितलं. मग तिने सांगितलं, की कुजबुजीचा सूर फार वरचा असतो, वय झालं की माणसाच्या कानातून तो जातो. तो गेल्याचं कळत नाही. तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, शेपटाच्या घड्याळाबद्दल सांगितलं होतं तसं. मी पंखांकडे बघितलं. ते थोडेसे उचललेले होते आणि थरथरत होते, एवढं मला दिसलं.

तो वळला. अंग चपटं केलं आणि मागे मागे सरकत तिच्याखाली गेला. ती त्याच्या पाठीवर चढली. दोघं तशी थांबली, त्याचं शेपूट वर वळलं, चाचपडलं, लागलं. मुलगी भिंगातून बघत होती. मला संकोच वाटेल असं मी सुरुवातीपासून धरून चाललो होतो. पण त्या क्षणी मला एवढंच वाटत होतं, की निसटू नये. मग ती उतरली. तिच्या अंडी घालायच्या सुईच्या मुळाशी एक पांढरा मणी लटकत होता.

"वेळ," मुलगी म्हणाली.

मी वेळ सांगितली.

"फळली?" आत्याने विचारलं.

"अजून नाही, आजी. नळी फक्त आत गेलीय. आता मण्याच्या आत एक गोळा असतो, तो ओल शोषून फुगतो आणि शुक्राणूंना पुढे ढकलतो. सगळे जायला वेळ लागतो."

"ढकलनारा कुनी नाय?"

"कुणी नाही. आपलं आपण."

नर तिच्याभोवती घुटमळत राहिला. तिने मान वळवून मण्याकडे तोंड नेलं की तो तिला ढुशी द्यायचा, आणि ती थांबायची. काही मिनिटांनी मुलीने मला भिंग दिलं. नराच्या शेपटाखाली एक नवा, ओलसर, पांढरा फुगवटा आला होता. दुसरी शिदोरी. शेवया भरलेल्या होत्या. मग झाकण मिटलं, आणि त्याची शांतता सुरू झाली.

त्या तासाबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. घड्याळ माझ्या हातात होतं, तरी तो तास लांब होता की आखूड हे मला सांगता येणार नाही. लाल दिवा होता. इतर टबांत हाका सुरू होत्या, एक थांबली की दुसरी, लांब कुठेतरी शेतं पसरली आहेत आणि आपण बांधावर बसलो आहोत असं वाटावं इतक्या. आत्या पुटपुटत होती, देवाचं की त्यांच्याशी, कळलं नाही. केव्हातरी मादीने वळून मणी ओढून काढला आणि चावत चावत खाल्ला. तेव्हा नराने तिला अडवलं नाही. आत्याने समाधानाने मान हलवली. मुलगी हलली नाही. तिचे गुडघे दुखत असणार. मी दर थोड्या वेळाने काट्याकडे बघायचो आणि नजर परत डब्याकडे आणायचो. तो बसून होता. तासाचा काटा जवळ आला. पुढे गेला. मुलीने ओठ आत घेतला होता. तो अजून बसून होता.

मला काहीच ऐकू येणार नाही हे माहीत असल्यामुळे मी डब्याकडे बघणं सोडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघू लागलो. लाल उजेडात तो लहानपणी ताप आल्यावर दिसायचा तसा दिसत होता. बराच वेळ त्यावर काही नव्हतं. मग तिची भुवई किंचित वर गेली, ओठ सुटला, आणि तिने हळूच एक बोट उचललं.

मी वेळ सांगितली.

"गातो काय रं?" आत्याने कुजबुजत विचारलं.

"ती म्हणते गातोय," मी म्हणालो.